कोपऱ्यातलं बटण

४ मे २०२६, सोमवार

मेसवाल्या बाईनं फोनला ठिपके जोडायचं कुलूप लावू नये. पहिली शिफ्ट सुटली की वाळूजची पोरं दारात गर्दी करतात, तेव्हा माझे दोन्ही हात पिठात असतात. कुणी म्हणतं क्यूआर दाखवा, कधी भाजीवाल्याला फोन लावायचा असतो. पिठाच्या बोटाला हा फोन काही दाद देत नाही. ठिपके जोडा, चुका, परत जोडा. भाकरी थापणारी माझी दगडाबाई म्हणते, "बाई, त्याला पोळपाटावर घ्या अन् लाटा एकदाचा."

आज जावईबापूंनी हा वैताग मिटवला. राजकुमारराव आणि श्रेया शेंद्र्याहून आले होते. लग्नाला तीन-चार महिने झालेत. ते तिकडच्या एका कंपनीत क्वालिटीला आहेत आणि त्यांचं सगळंच क्वालिटीचं. माझ्या फोनमध्ये त्यांनी वेगळं कुलपाचं ॲप टाकलं. कुलूप तसंच राहतं, पण पडद्यावर खाली दोन कोपरे कायम जागे. डावा दाबला की क्यूआर. उजवा दाबला की थेट जावईबापूंना फोन. ठिपकेबिपके काही नाही.

मी म्हटलं, उजव्यात श्रेयाचा नंबर टाका की. तर म्हणाले, "मामी, ती कुठं उचलते? मला लावा, मी देतो तिला." खरंच आहे. ही पोर लहानपणापासून फोन कुठंही विसरते.

माणूस मला ताटावरून कळतो. इतकी वर्षं पंगती वाढतेय ते काय उगाच! अर्धी भाकरी टाकून उठणारा माणूस नोकरीही अर्धीच करतो. जावईबापू ताट धुतल्यासारखं ठेवतात, लिंबाची फोडसुद्धा पिळून एका कडेला. मुलगी बघायला आले तेव्हा त्यांचं ताट बघूनच मी श्रेयाच्या कानात म्हटलं होतं, हो म्हण.

तिच्याही फोनवर तसेच दोन कोपरे आहेत. उजव्यात जावईबापू. डाव्यात 'पोचले'. ते दाबलं की ही कुठं आहे ते त्यांना कळतं. आत जायला मात्र आकडे लागतात. आकडे काय गं, विचारलं तर म्हणाली, "त्यांनाच माहितेत. मला आत जायला लागतच नाय, सगळं बाहेरच हाय ना."

कुलूप लेकीचं अन् किल्ली जावयाची! मी पोट धरून हसले. जावईबापूही हसले. श्रेया भांडी घासायला उठली.

७ मे, गुरुवार

कोपऱ्यांनी कमाल केली. कोपरानंसुद्धा दाबता येतं. मेसमधली पोरं विचारतात, मावशी, कुणी करून दिलं? मी ऐटीत सांगते, जावयानं. दगडाबाई म्हणते, "मंग लेकीला फोन लावा की त्या बटनावरून." तिला समजावलं, आधी जावईबापूंना लागतो, मग ते लेकीला देतात. तिनं भाकरी उलटवली. नव्या गोष्टी तिच्या डोक्यात शिरत नाहीत.

१३ मे, बुधवार

दुपारी फोन वाजला आणि पडद्यावर श्रेयाचं नाव. आता हिचा एकटीचा फोन म्हणजे नवलच.

म्हणाली, "आई, खाली लाल अक्षरं असतात बघ, आपत्कालीन म्हणून. कॉलेजला स्कूटीवर जायचे तेव्हा तूच तुझा नंबर टाकायला लावला होतास. तिथून लागतो. आकडे लागत नायत."

मी घाबरले, म्हटलं काय झालं? काही नाही म्हणाली. सहज केला. आज काय भाजी केली, किती पोरं जेवली, दगडाबाईचं गुडघं कसंय, असलंच बोलली. आणि मधेच म्हणाली, "धोंड्याच्या महिन्यात मला आठ दिवस ठेवून घेशील? अन् हा फोन केला ते सांगू नको कुणाला."

कुणाला म्हणजे कुणाला ते मला कळलं. नवं लग्न, नवऱ्याचे नवे नियम, आणि ते मोडण्यातली गंमत. मीही लग्नानंतर सासूच्या चोरून कोठीत बसून शेंगदाणे खायचे. आवाज मात्र तिचा एवढा बारीक का होता कोण जाणे. रेंज नसेल.

१७ मे, रविवार

आजपासून अधिक महिना. अनारशाचे तांदूळ भिजत टाकले. उजवा कोपरा दाबून जावईबापूंना पुढच्या रविवारच्या धोंड्याचं आवतण दिलं. श्रेयाला द्या म्हटलं तर ती झोपली होती. सकाळी दहाला! मी चिडवलं, लाडावून ठेवलीय तुम्ही. म्हणाले, "काय करता मामी, नाजूक हाय ती."

किती जपतात! श्रेयाचे वडील चांगले होते, पण मी नाजूक आहे असं त्यांना कधी वाटलं नाही.

२४ मे, रविवार

धोंडे छान झाले, पुरण कुठंही फुटलं नाही. ऊन मरणाचं. आणि श्रेया आली ती मनगटापर्यंत बाह्यांचं ब्लाउज घालून. फॅशन आहे म्हणाली. वाळलीय. मागच्या गच्चीवर पापड आणायला गेली तरी तिनं फोनचा डावा कोपरा दाबला, खाली आली तेव्हा परत दाबला. मी म्हटलं, अगं तो तर इथंच खुर्चीत बसलाय! तर म्हणाली, "सवय हाय."

जावईबापूंना पाटावर बसवलं. पाय धुतले, गंध लावलं, अनारशांच्या ताटावर निरांजन ठेवून वाण दिलं आणि पाया पडले. या महिन्यात जावई म्हणजे नारायण. त्याला वाण देताना मनात काही ठेवू नये, असं माझी आई म्हणायची. म्हणून मी मनातलं बोलले. म्हटलं, "कपडे-भांडं देतेच आहे, पण मलाही एक द्या. लेकीला आठ दिवस ठेवून घेऊ द्या."

"तुमचीच लेक हाय मामी, मला काय इचारायचं?" ते म्हणाले. "पण तिला तिथंच करमतंय. करमतंय ना गं?"

श्रेया त्यांच्या ताटात तूप वाढत होती. म्हणाली, "व्हय."

आता ही अशी मुखदुर्बळ, मग आईनंच बाजू घ्यायला नको का? मी हसत म्हटलं, "कशाचं करमतंय! चोरून फोन करती मला, त्या खालच्या लाल अक्षरांतून. तुम्हाला पत्ताच नाय!"

मला वाटलं सगळे हसतील. तुपाची धार ताटाबाहेर पाटावर पडत राहिली. मी ओरडले, अगं लक्ष कुठंय तुझं?

जावईबापू शांतपणे म्हणाले, "असं व्हय? बरं झालं सांगितलं मामी. बघतो मी." आणि उरलेला धोंडा तुपासकट पुसून खाल्ला. पाटावरचं तूपसुद्धा बोटानं टिपलं.

राहायचं काही जमलं नाही, त्यांच्या कंपनीत तपासणी आहे. उन्हं उतरायच्या आत गेले. निघताना श्रेया माझ्या पाया पडली आणि उठेचना. मीच उठवलं, म्हटलं वेडे, शेंद्र्याला चाललीस, सासर काही लंकेत नाही.

दगडाबाई भांडी आवरताना म्हणाली, "पोरीनं एक घास बी खाल्ला नाय."

मी म्हटलं, वाढणाऱ्याची भूक मरते.

"वाढून मरती ती निराळी. हिची आधीच मेलेली हाय."

दगडाबाईला सणासुदीलाच असलं सुचतं.

३० मे, शनिवार

लाल अक्षरांतून फोन नाही. आलाच नाही. उजवा कोपरा रोज दाबते. ती आंघोळीला गेलीय, देवळात गेलीय, डोकं दुखतंय म्हणून पडलीय. आज मी म्हटलं, तुम्ही कामावर असाल तर समोरच्या दारातल्या बाईकडं द्या निरोप, ती उठवेल श्रेयाला. जावईबापू म्हणाले, "ती करुणा? तिच्याशी मी बोलूच देत नाय मामी. कान भरते बायकांचे." बरोबर आहे, चाळीतल्या अशा बायका मीही पाहिल्यात.

तरी आज भाजीत मीठ दोनदा पडलं. पोरांनी मुकाट्यानं खाल्लं. मला कसलीशी हुरहूर लागलीय आणि कसली ते सांगता येत नाही. जावयाला नावं ठेवायला जागा नाही. व्यसन नाही, आवाज चढत नाही, ताटात कधी टाकत नाही.

३ जून, बुधवार

बोलली एकदाची! त्यांनी फोन स्पीकरवर ठेवला होता, त्यांच्या घरातला पंखा ऐकू येत होता.

"आई, मी बरी आहे. काळजी करू नको. तुझ्या हातचं कारलं लई आठवतंय. तळलेलं. रोज आठवतं."

मी म्हटलं, एवढंच ना, पाठवते करून. ती परत म्हणाली, "कारलं आठवतं आई." मग जावईबापूंनी फोन घेतला, म्हणाले बघा, उगाच घोर लावून घेता.

जीव भांड्यात पडला. लग्नानंतर बाईची जीभ बदलते म्हणतात, ते खरं.

८ जून, सोमवार

आज कारली आणली. चिरून मीठ लावून ठेवली, तेलात टाकली, आणि तो कडू वास नाकात गेला तशी मी झारा हातात धरून उभीच राहिले.

श्रेया कारल्याच्या वासानं ओकते. आज नाही, शाळेपासून. कारल्याच्या दिवशी ती मेसच्या आत पाऊल ठेवायची नाही, मैत्रिणीकडं जेवायची. तिच्या वडिलांना माहीत होतं, ते गेले. आता मला माहीत आहे. त्याला माहीत नाही.

जीभ बदलते म्हणे! शेकडो पोरांच्या जिभा मला पाठ. कुणाला तिखट सोसत नाही, कुणाला वांग्यानं खाज सुटते. आणि माझ्या पोटच्या पोरीनं मला दोनदा सांगितलं की आई, मी बोलतेय ते माझं नाही, आणि मी म्हणते पाठवते करून.

मग एकेक आठवायला लागलं. बाह्या. गच्चीवर दाबलेला कोपरा. पायावरून न उठलेली पोर. आणि तुपाची धार. तिच्याकडं एकच दार उरलं होतं, ते लाल अक्षरांचं, आणि ते मी दाखवून दिलं. पाय धुऊन, वाण देऊन, हसत हसत दाखवून दिलं.

कारली जळाली. दगडाबाईनं गॅस बंद केला. मी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "रडायचं मागून. उद्या जावा. अन् त्याला सांगू नका."

१० जून, बुधवार

काल घडलं ते आज लिहिते.

कोपरा दाबला नाही. कुणाला न सांगता निघाले. बसनं चिकलठाण्यापर्यंत, पुढं रिक्षा. सकाळची वेळ, म्हणजे तो कंपनीत. दुसरा मजला चढून गेले तर दाराला बाहेरून कुलूप. म्हटलं हे दोघंही नाहीत, वाट चुकीच्या दिवशी धरली. वळले, जिन्याची एक पायरी उतरले.

आतून कुकरची शिट्टी झाली.

बाहेर कुलूप आणि आत कुकर. मी आयुष्यभर शिट्ट्या ऐकल्या, पण ह्या शिट्टीनं मला पायरीवरून परत वर ओढलं. दाराला तोंड लावून हाक मारली. आतून पावलं आली, फटीतून आवाज आला.

"आई, हळू बोल. तुझा फोन कुठंय?"

"पिशवीत."

"बंद कर. त्यानं टाकलेलं ॲप आहे ना, त्यातून त्याला तू बी दिसतीस. नुसती मी नाय."

पिशवीत हात घालायच्या आत तो वाजला. त्याचंच नाव. मी उचलला, कारण उचलायचं नाही हेही सुचलं नाही.

"मामी, शेंद्र्याला कशा काय?" आवाज तसाच, गोड. "सांगितलं असतं तर घ्यायला आलो असतो की. थांबा तिथंच. निघालोच."

मला दरदरून घाम फुटला. कुणाला तरी फोन लावावा म्हणून ठिपके जोडायला गेले तर ओल्या बोटाला दाद देईना. चुकलं, परत चुकलं. बाहेर फक्त दोन कोपरे. एकात माझा क्यूआर, दुसऱ्यात तोच. माझ्याही फोनला एकच माणूस ठेवला होता त्यानं, आणि मी तो महिनाभर पोरांना ऐटीत दाखवत होते.

समोरचं दार उघडलं. करुणा. जिला मी कान भरणारी समजले, तीच. कंपनीत दुसऱ्या पाळीला असते म्हणून सकाळी घरी होती, केस अर्धे विंचरलेले. म्हणाली, "काकू, मी लई दिवस बघतेय. त्याला इचारलं तर म्हणतो, तिला चक्कर येते, पडू नये म्हणून कुलूप घालतो. मी एकदा बोलले तर हिलाच त्रास झाला, म्हणून गप बसले." मग तिनं माझ्या फोनवर खाली बोट ठेवलं. "हे लाल. हितून लावा. एकशे बारा."

लाल अक्षरांना ठिपके लागत नाहीत. मी दाबलं. पत्ता करुणानं सांगितला.

पोलिसांच्या आधी तो आला. हातात किल्ली, चेहऱ्यावर हसू. "मामी, तमाशा कशाला? आत चला, चहा घेऊ." मी आणि करुणा दाराला पाठ लावून उभ्या राहिलो. तो हात धुऊन पंगतीची वाट बघणाऱ्या माणसासारखा जिन्यात उभा होता. घाई नाही, राग नाही. किल्ली बोटात फिरवत होता. आतून श्रेया दाराला टेकलेली, लाकडातून तिचा श्वास मला पाठीला कळत होता. खाली गाडी थांबली तेव्हाच ते हसू गेलं.

पोलिसांसमोर कुलूप उघडलं. दोन पोलीस होते, त्यातली एक बाई. तिनं श्रेयाच्या बाह्या वर केल्या. मी मान फिरवली नाही. बघितलं सगळं.

तक्रार दिली. लेक घरी आहे. करुणानं माझ्या फोनमधलं ते ॲप मुळासकट काढून टाकलं. दोन्ही कोपरे रिकामे आहेत.

१२ जून, शुक्रवार

श्रेया थोडं जेवली. वरणभात. मग न्हाणीत जायला उठली आणि जाता जाता ओट्यावरच्या माझ्या फोनच्या डाव्या कोपऱ्यावर तिनं अंगठा दाबला. तिथं काही नाही. तिलाही माहीत आहे. बाहेर आली तेव्हा परत दाबला.

रात्रीच्या कणकेत पाणी जास्त झालं.

१५ जून, सोमवार

अधिक महिना आज संपला.

पोलिसांनी त्याला नुसती नोटीस देऊन सोडलंय, तो बाहेरच आहे, हे मला माहीत होतं. पण दुपारच्या पंगतीत, पोरांच्या मधोमध, तो मांडी घालून बसलेला दिसेल असं वाटलं नव्हतं. दगडाबाईचं लक्ष तव्याकडं. वाढायला ठेवलेल्या नव्या पोरानं त्याला ताट मांडलं, भाकरी-पिठलं वाढलं. मी आमटीचं भांडं घेऊन ओळीनं येत होते, आणि समोर तो. अर्धी भाकरी झालीसुद्धा होती.

"वाढा मामी," तो म्हणाला.

मी उभी राहिले. आत कोठीत श्रेया होती. तिनं आवाज ऐकला असणार, कारण आतून कडी लागल्याचं ऐकू आलं.

"तिला सांगा, आठ दिवस झाले माहेरपण. मी रागावलेलो नाय," तो म्हणाला. पोरं जेवता जेवता बघायला लागली. त्यानं भाकरीचा तुकडा पिठल्यात नीट बुडवला, एक थेंब सांडू न देता.

मी मेस काढली तेव्हा मनाशी एक ठरवलं होतं, उधार राहिलेल्याला, भांडलेल्याला, पिऊन आलेल्यालासुद्धा ताटावरून उठवायचं नाही. कधीच उठवलं नाही. आज वाकले आणि त्याच्या पुढचं ताट उचललं.

त्याचा हात घासासकट वरच राहिला. "मामी, अधिक महिना हाय. जावयाला भरल्या ताटावरून उठवता?"

"ऊठ," मी म्हणाले. "हो बाहेर."

त्याला मी पहिल्यांदाच अरेतुरे केलं. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. एक पोरगा जेवण सोडून उठला, मग शेजारचा, मग सगळी ओळ खरकट्या हातांनी उभी राहिली. तो सावकाश उठला, चूळ भरली, रुमालाला हात पुसले आणि माझ्याकडं बघून हसला. "येतो मामी," म्हणाला. जातो म्हणाला नाही.

पोलिसांना कळवलंय, येतो म्हणालेत.

समोर रस्त्यापलीकडं त्याची गाडी उभी आहे, तो गाडीवर बसलाय आणि फोनकडं बघतोय. दगडाबाई घरी गेली नाही. श्रेयानं कोठीची कडी काढलीय, पण बाहेर आली नाही. रात्रीचा कुकर लावू नको म्हणते, शिट्टी नको. भात पातेल्यात करीन.

दुसऱ्या शिफ्टची पोरं जेवायला येतील, दार लावून चालायचं नाही. धोंड्याच्या दिवशी त्याला ज्यावर बसवलं होतं, तोच पाट मी उंबऱ्यात टाकलाय आणि त्यावर बसून हे लिहितेय.